हाडाची काडं कशाने होतात?



दरवर्षी जून-जुलै महिना आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे गुणगौरव समारंभ होतात. प्रतिमांना पुष्पहार अर्पण होतात, त्रिसरण-पंचशील होते, मग भाषणे. या भाषणांत एक वाक्य हमखास येते : "आईबापाने हाडाची काडं करून या लेकरांना शिकवले." टाळ्या पडतात, पुढे बसलेल्या आया पदराने डोळे पुसतात. मी स्वतः हे वाक्य किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. गेली काही वर्षे मात्र ते ओठावर आले की मी अडखळतो. का अडखळतो, तेच आज सांगायचे आहे.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात अठरा वर्षांची होती. मराठवाड्यातल्या आमच्या गावाकडे दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. लग्न होऊन मुंबईला आली ती नाक्यावर उभी राहून बिगारी कामाला लागली. वाळूचे, मालाचे घमेले डोक्यावर घेऊन ती परांचीवरून चार-चार मजले चढायची. माझी फी, माझी पुस्तके, सगळे त्या घमेल्यातून आले. २००३ साली मला कारकुनाची नोकरी लागली. पहिला पगार तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "आई, पुरे झाले आता. तू बसून खायचे."

हे बोलताना माझी छाती भरून आली होती. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचे ओझे वाहण्यात गेल्या, त्यांच्या घरी आईला बसवून खाऊ घालणे हा केवढा मान! पुढे सून आली. तिने पाण्याची कळशीसुद्धा आईला उचलू दिली नाही. आई कधी कधी कुरकुरायची, "आरं, बसून बसून अंग आंबलं माझं." आम्ही हसण्यावारी न्यायचो. २०२० च्या टाळेबंदीत विहारही बंद झाले आणि तिचे उरलेसुरले चालणेही थांबले.

२०२१ च्या पावसाळ्यात मोरीत तिचा पाय घसरला. उंचावरून पडली नाही, उभ्या उभ्या बसली एवढेच. खुब्याचे हाड मोडले. क्ष-किरण फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "हाडे फार विरळ झाली आहेत. आजी दिवसभर काय करतात?" मी अभिमानाने म्हणालो, "काही नाही साहेब, आम्ही त्यांना काही करू देत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तेही एक कारण आहे."

चार मजले घमेले वाहणारी बाई मोरीत बसकण मारल्याने मोडावी, हे मला पटेना. मी वाणिज्य शाखेचा माणूस, डॉक्टरकीचे मला काय कळणार? पण प्रश्न आईचा होता. म्हणून वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारायला लागलो. त्यातून जे समजले ते तुमच्यासमोर ठेवतो.

आपण हाड म्हणजे दगड समजतो. मेलेल्या जनावराचे पांढरे, कोरडे हाड आपण पाहिलेले असते. पण अंगातले हाड जिवंत असते. त्याला रक्त लागते, त्याच्यात पेशी असतात. तथागतांनी शरीराचे जे बत्तीस भाग चिंतनासाठी सांगितले, त्यांत अट्ठि म्हणजे हाड आणि अट्ठिमिञ्ज म्हणजे हाडाच्या आतला मगज हे वेगवेगळे मोजले आहेत. हाडसुद्धा अनित्य आहे, हे आपण वंदनेत ऐकतो, पण ते किती खरे आहे याची कल्पना आपल्याला नसते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नवा बांधला जातो. आज तुमच्या अंगात जे हाड आहे, त्यातले पुष्कळसे दहा वर्षांपूर्वी नव्हते.

हे बांधकाम कसे चालते, ते आईच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. हाडात तीन प्रकारचे कामगार असतात. पहिले तोडकामवाले. ते जुने हाड खरवडून काढतात. दुसरे गवंडी. ते त्या जागी नवे हाड रचतात. तिसरे मुकादम. गंमत अशी की हे मुकादम मुळात गवंडीच असतात. भिंत रचता रचता त्यांतले काही भिंतीतच चिणले जातात आणि पुढे तिथूनच कामावर लक्ष ठेवतात. हाडातल्या दर दहा पेशींत नऊ किंवा अधिक अशा मुकादम पेशी असतात. बारीक बारीक तंतूंनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या तंतूंभोवतीच्या सूक्ष्म नळ्यांत पाणी भरलेले असते.

आपण पाय टाकतो, जिना चढतो, ओझे उचलतो, तेव्हा हाड किंचित वाकते किंवा दबते. किती? जोराने धावतानासुद्धा हजारात दोन-तीन भाग. डोळ्याला दिसणार नाही इतके. पण तेवढ्यानेही त्या नळ्यांतले पाणी हलते आणि मुकादम पेशींना वर्दी जाते. नेहमीपेक्षा जास्त ताण आला, तर हुकूम सुटतो, "इथे भिंत जाड करा." ताण येतच नसेल तर दुसरा हुकूम सुटतो, "इथे माल फुकट पडून आहे, काढून घ्या." मग तोडकामवाले पुढे होतात आणि गवंडी मागे राहतात. जिथे गरज तिथे माल, जिथे गरज नाही तिथून कपात. शरीर असा काटकसरीचा हिशेब ठेवते.

ही गोष्ट माणसाच्या ध्यानात कशी आली, तोही इतिहास ऐकण्यासारखा आहे. १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात हेर्मान फॉन मायर नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. मांडीचे हाड वरच्या टोकाशी उभे कापले, तर आत जाळीसारख्या बारीक पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांची चित्रे त्यांनी मांडली होती. ती कार्ल कुलमान या इंजिनिअरने पाहिली. कुलमान पूल आणि यंत्रे यांच्यावर येणाऱ्या ताणांचे गणित शिकवीत. त्यांच्या ध्यानात आले की वाकड्या मानेच्या याऱ्यावर वजन टांगले असता त्याच्यात ताणाच्या रेषा जशा जातील, जवळजवळ तशाच या हाडातल्या पट्ट्या आहेत. इंजिनिअरने कागदावर आखावी तशी आखणी शरीराने आत करून ठेवलेली!

पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी यावर अनेक वर्षे अभ्यास केला आणि १८९२ साली ग्रंथ लिहिला. हाडावरचा भार बदलला की हाडाची आतली रचना बदलते आणि मग बाहेरचा आकारही बदलतो, हे त्यांचे म्हणणे. यालाच आजही वोल्फचा नियम म्हणतात. वोल्फना वाटले होते तितके हे गणित काटेकोर नाही, असे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. पण भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवते, हा गाभा टिकला. अमेरिकेतील डॉ. हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात तो अधिक स्पष्ट केला. ताण एका पातळीखाली गेला की हाड घटते, ठराविक पातळीच्या वर गेला की वाढते आणि मधल्या पट्ट्यात आहे तसे राहते, असे त्यांनी मांडले.

पुरावा हवा असेल तर दोन देतो. टेनिस खेळणारा एकाच हाताने खेळतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामांकित टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांच्या हाडांची तुलना केली होती. खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. माणूस तोच, अन्न तेच, रक्त तेच. फरक फक्त कामाचा. दुसरा पुरावा अंतराळवीरांचा. तिथे शरीराला वजन जाणवत नाही, पायांवर भार येत नाही. खुब्याच्या भागातले हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटते. निवडलेली, तंदुरुस्त माणसे ती, तरी घटते. महिनोन् महिने खाटेवर पडलेल्या माणसाचेही थोडेफार असेच होते.

आता माझ्या आईकडे या. घमेल्याने तिच्या हाडाला जे दिले होते, ते आम्ही अठरा वर्षे बसवून पुष्कळसे काढून घेतले. दोष सगळा बसण्याचा नव्हता. बाईची पाळी थांबली की हाड राखणारा अंतःस्राव कमी होतो आणि पुढची काही वर्षे हाड झपाट्याने घटते. वय होते. ऊन नव्हते. पण वयाला आणि पाळीला आमचा इलाज नव्हता, बसण्याला होता. आम्ही प्रेमापोटी नेमके तेच केले.

म्हणून भाषणातल्या त्या वाक्याशी मी अडखळतो. हाडाची काडं नुसत्या काम करण्याने होत नाहीत. ती होतात उपाशीपोटी काम करण्याने, आणि ती होतात नुसते बसण्यानेही.

इथे कोणी म्हणेल, "म्हणजे घमेले वाहणे चांगले होते म्हणायचे का?" अजिबात नाही. आपल्या लोकांच्या कष्टांचे गोडवे इतरांनी पुष्कळ गायले, त्यात मला भर घालायची नाही. ज्याने ओझे वाहिले त्याला विचारा. हाड भार पेलायला शिकते, पण सांध्यातली कूर्चा आणि मणक्यांमधल्या चकत्या हाडासारख्या सहज पुन्हा बांधल्या जात नाहीत. आईचे गुडघे आणि मान त्या घमेल्यानेच गेले. आणि हाडालाही मर्यादा आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली. मार लागलेला नाही, पडलेले नाहीत, फक्त मैलोन् मैल चालवलेले. पुढे क्ष-किरण आल्यावर दिसले की या दुखण्यात पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. तोडकाम झाले, पण गवंड्याला रचायला वेळच मिळाला नाही, की असे होते.

विश्रांती हा बांधकामाचाच भाग आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की तेवढाच भार एकदम देण्यापेक्षा मध्ये काही तासांची विश्रांती देऊन दिला, तर हाड जास्त वाढते. हे वाचले तेव्हा मला बाबासाहेब आठवले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खाते सांभाळत होते. १९४५ साली कारखाना कामगारांना भरपगारी रजेची तरतूद झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराला पोट आहे, घर आहे, मन आहे, हे बाबासाहेबांना दिसत होते. ते तास कामगाराच्या हाडालाही लागत होते, असे आज विज्ञान सांगते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माझ्या आईपर्यंत ना ती रजा पोहोचली ना ते तास, हे दुःख वेगळे. पोटभर अन्न, ठरलेली विश्रांती आणि स्वतःच्या मर्जीने केलेली हालचाल याला व्यायाम म्हणतात. यातले काहीच नसले की त्याला पिळवणूक म्हणतात. हाडाला कामाची प्रतिष्ठा कळत नाही आणि जातही कळत नाही. त्याला ताण कळतो, अन्न कळते, विश्रांती कळते.

आता कामाचे बोलू. मी हिशेबनीस माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. हाड हे बँकेचे खाते आहे. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्ताला लागेल तेव्हा ते याच खात्यातून काढले जाते. या खात्यात भरणा करण्याचा खरा काळ म्हणजे बालपण ते पंचविशी-तिशी. त्यातही मोठ्या माणसाच्या एकूण हाडाचा सुमारे चौथा हिस्सा वयात येण्याच्या सुमारास, दोनेक वर्षांतच भरला जातो.

ही दोन वर्षे आपल्या घरात मुलीची कशी जातात? अकरा-बारा वर्षांची झाली की तिला मैदानावरून घरात बोलावले जाते. "आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस." भाऊ चाळीच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतो, ती खिडकीतून बघते. तिचे खाते भरायची वेळ आणि बँकेचा दरवाजा आपणच लावून घेतो! पुढे पन्नाशीनंतर त्याच खात्यातून झपाट्याने रक्कम निघायची असते. सुजाण पालकांनो, मुलीला शाळेत घातले ते सावित्रीमाईंचे ऋण मानून. आता तिला मैदानातही धाडा. लंगडी, खो-खो, कबड्डी, दोरीच्या उड्या, यांना पैसा लागत नाही. हाडाला लागते ते उडी, धक्का, दिशा बदलणे. आणि ते फार वेळही लागत नाही. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातील हाडावर प्रयोग केला. दिवसातून फक्त ३६ वेळा भार दिला तरी हाड वाढले आणि १८०० वेळा दिला तरी त्याहून जास्त काही वाढले नाही. थोडे, पण रोज आणि जोमाचे, हा हाडाचा कायदा. नुसते एका जागी ओझे घेऊन उभे राहण्याने मात्र हाडाला फारशी वर्दी जात नाही, भार बदलता हवा.

गवंड्याला विटा-सिमेंटही हवे. ते महागड्या डब्यांतच मिळते असे नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात ते सव्वाशेच्या आत असते. तीळ, पालेभाज्या, काट्यांसकट खाल्लेले छोटे सुके मासे, हे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. अंडी, मासे, मटण, डाळी यांतून प्रथिने मिळतात, त्यांचीही हाडाला गरज असते. अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीवर ऊन पडले की तयार होते. खोलीत ऊन येत नसेल तर गच्चीवर, गल्लीत जाऊन बसा. तंबाखू, मिश्री आणि दारू यांच्याविषयी या सदरात अनेकदा लिहिले आहे. तंबाखू आणि दारू हाडालाही पोखरतात, एवढे आज जोडतो.

आणि आपले वडीलधारे? शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी व्यायामतज्ज्ञ बाईंनी आईला वॉकर धरून उभे केले. आई कळवळली. भेटायला आलेल्या आत्या आमच्यावर डाफरल्या, "म्हातारीला काय मारता का? पडू द्या की निवांत." पूर्वीचा मी असतो तर आत्यांचेच ऐकले असते. पण डॉक्टरांनी बजावले होते की पडून राहिल्या तर हाड घटेल, ताकद जाईल, छातीत कफ होईल, पाठीला जखमा होतील. आईनेच निकाल दिला. दात-ओठ खाऊन म्हणाली, "चार मजले चढलेय मी, चार पावलं नाही व्हायची व्हय?"

ती चालली. आधी खोलीत, मग गॅलरीत, तीन महिन्यांनी विहारापर्यंत. आता ती रोज सकाळी काठी घेऊन विहारात जाते, पुष्पे मांडते, मेणबत्त्या लावते. घरी भाजी निवडते, धान्य पाखडते. कळशी भरू देत नाही, पण तांब्या तिचा तीच भरते. तिचे सगळे हाड परत आले असे मी म्हणणार नाही. या वयात गेलेले सगळे परत येत नाही. पण घसरण मंदावता येते, पायात बळ आणि तोल येतो, आणि तोल असला की पडणे टळते.

ज्यांची हाडे विरळ झाली आहेत, त्यांनी मात्र ऐकीव माहितीवर उड्या मारू नयेत, वाकून जड उचलू नये. हाडांची घनता मोजण्याची तपासणी असते, औषधेही आहेत, डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. आणि आजच्या आज करण्याजोगे एक काम सांगतो : मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवा, शेवाळ घासून काढा, रात्री दिवा लागेल अशी सोय करा. दांडा बसवायला फार खर्च येत नाही. आमच्या मोरीत तो बसला, पण आई पडल्यानंतर.

तथागत स्वतः चंक्रमण करीत, भिक्खूंनाही करायला सांगत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. माणूस दूरचा प्रवास सोसतो, परिश्रमाला समर्थ होतो, निरोगी राहतो, अन्न नीट पचते आणि चालताना लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. विहार समित्यांना आणि महिला मंडळांना माझी विनंती आहे की रविवारच्या वंदनेनंतर चहाच्या आधी पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून चालावे. ज्येष्ठांना खुर्ची जरूर द्या, पण खुर्चीतून उठायला हातही द्या.

अनित्यता म्हणजे फक्त नाश, असे आपण धरून बसतो. पण जे बदलते, ते घडवताही येते. हाड रोज मोडते आणि रोज बांधले जाते. कसे बांधायचे, यात आपल्या पावलांचेही थोडे मत असते.

येत्या गुणगौरव समारंभात त्या आयांना पुढच्या रांगेत बसवा, त्यांच्या कष्टांचे ऋण जरूर सांगा. पण समारंभ संपल्यावर घरी गेलात की आईला "तू बसून राहा" म्हणू नका. "चल आई, जरा चालून येऊ" असे म्हणा, आणि तिच्याबरोबर चला.

नमो बुद्धाय! जय भीम!